पोस्टातल्या एका कूपनचं नाव सांगून अख्ख्या बोस्टनला गंडवणारा चार्ल्स पॉन्झी

१९२० चा उन्हाळा. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात स्कूल स्ट्रीटवरच्या एका ऑफिसबाहेर लोकांची ही झुंबड उडालेली. इटलीहून आलेले कामगार, दुकानदार, अगदी पोलीससुद्धा नोटा घेऊन उभे. आत बसलेला माणूस ४५ दिवसांत ५० टक्के नफा देत होता.

पैसे लावतोस कुठे, असं विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, इंटरनॅशनल रिप्लाय कूपन. समोरच्याला काही कळायचं नाही. पण न कळलेली गोष्ट मोठीच असणार, असं समजून तो खिशात हात घालायचा.

हा माणूस म्हणजे चार्ल्स पॉन्झी. १८८२ साली इटलीतल्या लुगो गावात जन्म, १९०३ मध्ये अमेरिकेत आला. पुढे कॅनडात मॉन्ट्रियलच्या एका बँकेत चिकटला. ही बँक इतरांपेक्षा दुप्पट व्याज द्यायची आणि ते नव्या ठेवीदारांच्या पैशातून भागवायची. बँक बुडाली, पॉन्झी खोट्या चेकच्या प्रकरणात जेलमध्ये गेला. पण आयडिया डोक्यात राहिली.

१९१९ मध्ये त्याला स्पेनमधून एक पत्र आलं. त्यात हे कूपन होतं.

आता हे कूपन म्हणजे काय, तर पोस्टाची साधी सोय. परदेशातल्या माणसाकडून उत्तर हवं असेल, तर आपल्या पोस्टातून कूपन घ्यायचं आणि पत्रात घालायचं. समोरचा ते त्याच्या पोस्टात देऊन उत्तरासाठी लागणारं तिकीट घेणार. बास, एवढंच.

पण पहिल्या महायुद्धानंतर इटलीचं चलन घसरलं होतं आणि कूपनचे दर जुनेच राहिले होते. त्यामुळे तिकडे स्वस्तात घेतलेल्या कूपनवर अमेरिकेत जास्त किमतीची तिकिटं मिळत होती. हिशोब कागदावर बरोबर होता. गोची पुढे होती. कूपन दिल्यावर हातात डॉलर येत नाहीत, पोस्टाची तिकिटं येतात. ती लाखोंनी विकायची कुणाला?

हे विचारलं की पॉन्झी धंद्याचं गुपित आहे म्हणून सांगायचा. कंपनीचं नावही त्यानं जड ठेवलं होतं, सिक्युरिटीज एक्स्चेंज कंपनी. ऐकणाऱ्याला सरकारी खातंच वाटावं. प्रत्यक्षात कूपनची खरेदी नावापुरती होती, जुन्यांना नव्यांचे पैसे दिले जात होते. काही महिन्यांत त्यानं सुमारे दीड कोटी डॉलर गोळा केले.

बोस्टन पोस्ट या पेपरला संशय आला. अर्थविषयक पत्रकार क्लॅरेन्स बॅरन यांनी साधा गुणाकार केला. पॉन्झीच्या धंद्याला सुमारे १६ कोटी कूपन लागतील आणि जगात फिरतायत फक्त २७ हजार! विशेष म्हणजे पॉन्झी स्वतःचा पैसा या योजनेत लावत नव्हता.

लोक पैसे परत मागायला आले, तर पठ्ठ्यानं रांगेतल्यांना कॉफी आणि डोनट वाटले, तीन दिवसांत सुमारे २० लाख डॉलर परतही दिले. ते बघून अनेकांनी पैसे काढलेच नाहीत. सगळ्यात मोठा दणका दिला तो त्यानंच प्रसिद्धीसाठी नेमलेल्या विल्यम मॅकमास्टर्सनं. ऑफिसातले कागद बघितल्यावर त्याच्या लक्षात आलं की साहेबांना पैशातलं काही कळतच नाही. २ ऑगस्टला त्यानं पेपरात लिहून टाकलं की पॉन्झीचं दिवाळं निघालंय. दहा दिवसांनी पॉन्झीला अटक झाली. सहा बँका बुडाल्या, ठेवीदारांना डॉलरमागे ३७ सेंटच्या आसपास परत मिळाले, तेही बऱ्याच वर्षांनी. बोस्टन पोस्टला १९२१ चं पुलित्झर मिळालं.

जेल भोगून झाल्यावर १९३४ मध्ये अमेरिकेनं त्याला इटलीला पाठवून दिलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी अमेरिकेत शेअर बाजारावर लक्ष ठेवणारं खरं सरकारी खातं सुरू झालं, सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन. पॉन्झी नंतर ब्राझीलला गेला. १९४९ च्या जानेवारीत रिओच्या धर्मादाय दवाखान्यात तो वारला, तेव्हा त्याच्याजवळ जेमतेम अंत्यविधीपुरते पैसे होते.