विश्लेषण : औषधांच्या कपाटाची किल्ली असणाऱ्यांनाच व्यसन जडले तर? डॉ. अनिता अवचट यांच्या कामात सापडणारे उत्तर

भोकरदन, मंठा किंवा परतूरच्या रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेच्या हाताशी वेदनाशामक इंजेक्शने आणि झोपेच्या गोळ्या असतात. पाठदुखी, अपुरी झोप आणि सलग ड्युट्या यांतून एखादीला त्यांची सवय लागली, तर तिने सांगायचे कोणाला? गाव लहान, बातमी पसरायला वेळ लागत नाही, शिवाय नोकरी जाण्याची भीती. अमेरिकेत अशा परिचारिकांसाठी गोपनीय उपचार आणि देखरेखीचे कार्यक्रम चालतात. व्यसन हा आजार आहे आणि बरा होणारा माणूस कामाला लावता येतो, हा त्यामागचा विचार. महाराष्ट्रात तो रुजवण्यात डॉ. अनिता अवचट यांचा मोठा वाटा आहे.

कोण होत्या अनिता अवचट?

अनिल अवचट यांच्या लेखनात त्या सुनंदा म्हणून भेटतात. दोघेही डॉक्टर. मात्र पतीने लिहावे, फिरावे, माणसांत मिसळावे यासाठी घर चालवण्याची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली. पुण्यातील येरवड्याच्या मनोरुग्णालयात त्या मनोविकारतज्ज्ञ म्हणून सरकारी नोकरी करीत. त्या काळात असा संसार मांडणे सोपे नव्हते. त्याची चर्चा मात्र पतीच्या पुस्तकांइतकी कधी झाली नाही.

१९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, पसरली. अनिल अवचट यांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी व्यसनमुक्ती केंद्रासाठी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. केंद्र चालवायचे तर वैद्यकीय भार अनिताताईंवरच येणार होता. २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्या आवारातच ‘मुक्तांगण’ सुरू झाले.

तिथे वेगळे काय होते?

गर्द बंद केल्यावर अंग ठणकते, झोप उडते, उलट्या-जुलाब होतात. हा त्रास औषधांनी काही दिवसांत आटोक्यात येतो. खरी लढाई पुढची. बरा झालेला माणूस जुन्या गल्लीत, जुन्या मित्रांत परत जातो आणि पुन्हा घसरतो. म्हणून मुक्तांगणमध्ये काही आठवड्यांच्या निवासी उपचारांत समुपदेशन, गटचर्चा, योग, संगीत आले आणि घरी गेल्यावर नियमित पाठपुरावा आला. नवऱ्याच्या व्यसनात होरपळणाऱ्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट झाला. मारहाण आणि अपमान यांना जागा नव्हती. पुन्हा घसरून आलेल्यालाही दार उघडे असे.

सर्वांत धाडसाचा निर्णय माणसे नेमण्याचा. व्यसनातून सावरलेल्या रुग्णांनाच तिथे कामावर घेतले गेले. ज्याच्यावर घरचेही विश्वास टाकत नाहीत, त्याच्याकडे दुसऱ्या रुग्णाची काळजी सोपवायची! पण त्याला रुग्णाची प्रत्येक सबब आधीच ठाऊक असते. शिवाय रोज सहकाऱ्यांच्या नजरेसमोर असल्याने त्याची स्वतःची व्यसनमुक्तीही टिकायला मदत होते. देखरेख आणि विश्वास इथे हातात हात घालून चालतात.

परिचारिकांच्या कार्यक्रमाशी याचा संबंध काय?

त्याच सुमारास, १९८३ मध्ये, अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात परिचारिकांसाठी असा कार्यक्रम सुरू झाला. या पद्धतीत परिचारिका स्वतःहून पुढे येते किंवा सहकारी तिला पाठवतात. काही काळ ती रुग्णसेवेपासून दूर राहून उपचार घेते. मग काही वर्षांचा करार होतो. अचानक बोलावून लघवीची तपासणी, गटबैठका, कामावर वरिष्ठांचे लक्ष आणि सुरुवातीला गुंगीच्या औषधांची किल्ली हाती नाही, अशा त्याच्या अटी असतात. अटी पाळल्या तर नाव सहसा जाहीर होत नाही आणि परवाना वाचतो. मोडल्या तर प्रकरण परवाना देणाऱ्या मंडळाकडे जाते. ही सवलत फार मोठी वाटेल. पण शिक्षेच्या धाकाने व्यसन लपवले जाते, आणि व्यसन लपवणारी परिचारिका रुग्णाच्या जिवाला जास्त धोकादायक ठरते.

कायद्याचे संरक्षण आहे का?

भारतात काही प्रमाणात आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये दारू व अमली पदार्थांशी निगडित मनोविकारही मोडतात आणि उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क त्याच्या कलम २३ मध्ये आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवन किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. वॉर्डातील औषधांची चोरी मात्र यात बसत नाही.

अनिताताईंच्या पश्चात काय झाले?

स्तनाच्या कर्करोगाशी झुंजत असतानाही त्यांनी मुक्तांगणचे काम सोडले नाही. १० फेब्रुवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी धुरा घेतली. पुढे स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभागही सुरू झाला. बहुतांश परिचारिका स्त्रियाच असल्याने त्याचे मोल इथे वेगळे आहे.

जालन्याहून पुणे सुमारे तीनशे किलोमीटर. स्वतःच्याच रुग्णालयात केसपेपर काढायला जी परिचारिका धजावणार नाही, तिला सुरुवात फोनवरूनही करता येते. टेलि-मानसचा क्रमांक १४४१६ आणि राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६. दोन्ही सेवा मोफत आहेत.