झाँ-बातीस्त लामार्क

झाँ-बातीस्त प्येर आंत्वान द मॉने, शव्हालिए द लामार्क (१ ऑगस्ट १७४४ – १८ डिसेंबर १८२९) हे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ होते. सजीवांच्या जाती स्थिर नसून त्या बदलत जातात, हा विचार सुसंगत सिद्धान्ताच्या रूपात मांडणाऱ्या आद्य शास्त्रज्ञांत त्यांची गणना होते. शालेय पुस्तकांमुळे त्यांचे नाव जिराफाच्या लांब मानेशी जोडले गेले आहे. त्यांच्या ग्रंथात मात्र जिराफाचा उल्लेख अगदी थोडक्यात येतो. अत्यंत साध्या, सूक्ष्म जीवांपासून गुंतागुंतीची शरीररचना असलेले प्राणी कसे निर्माण झाले आणि ही वाटचाल अटळ आहे काय, हा त्यांच्या सिद्धान्तातील मध्यवर्ती प्रश्न होता.

जीवन

लामार्क यांचा जन्म उत्तर फ्रान्समधील पिकार्डी प्रांतात बाझाँतँ या गावी झाला. घराणे सरदारांचे, पण आर्थिक स्थिती ओढगस्तीची होती. अकरा भावंडांत ते सर्वांत धाकटे. त्यांनी धर्मगुरू व्हावे या इच्छेने वडिलांनी त्यांना आम्याँ येथील जेझुइट विद्यालयात पाठविले. वडिलांच्या निधनानंतर त्यांनी विद्यालय सोडले व १७६१ मध्ये ते जर्मनीत लढत असलेल्या फ्रेंच सैन्यात दाखल झाले. सप्तवार्षिक युद्धातील फिलिंगहाउझेनच्या लढाईत दाखविलेल्या धैर्याबद्दल त्यांना अधिकारपद मिळाले. पुढे मोनाको येथील छावणीत असताना त्यांना वनस्पतींची गोडी लागली. मानेच्या दुखण्यामुळे त्यांना १७६८ मध्ये सैन्य सोडावे लागले. त्यानंतर तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर पॅरिसमध्ये राहून त्यांनी काही काळ बँकेत कारकुनी केली, वैद्यकाचा अभ्यास केला आणि बेर्नार द ज्युसियू यांच्याकडे वनस्पतिशास्त्राचे धडे घेतले.

वनस्पतिशास्त्रातील कार्य

फ्रान्समधील वनस्पतींवरील त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ १७७८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक टप्प्यावर दोन पर्यायांतून एक निवडत वनस्पतीची ओळख पटविण्याची सोपी पद्धत त्यात वापरली होती. ब्यूफाँ यांच्या पाठिंब्यामुळे १७७९ मध्ये त्यांना फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्यत्व मिळाले. नंतरच्या वर्षांत त्यांनी एका मोठ्या ज्ञानकोशासाठी जगभरातील वनस्पतींची वर्णने लिहिली. फणस आणि शेवगा यांच्या शास्त्रीय नावांपुढे आजही ‘लॅम.’ हे लामार्क यांचे संक्षिप्त नाव जोडले जाते. पळसाच्या शास्त्रीय नावातही त्यांचा निर्देश कंसात असतो.

अपृष्ठवंशीय प्राण्यांचा अभ्यास

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, पॅरिसच्या राजोद्यानाचे राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात रूपांतर झाले. तेथे कीटक व कृमी यांच्या प्राध्यापकाचे पद लामार्क यांच्या वाट्याला आले. त्या वेळी ते जवळजवळ पन्नाशीला पोहोचले होते आणि विषय त्यांना बराचसा नवा होता. लिनीअस यांनी केवळ दोन वर्गांत कोंबलेल्या या प्राण्यांचे त्यांनी नव्याने वर्गीकरण केले. अष्टपाद व कवचधारी प्राणी कीटकांपासून वेगळे काढले. पाठीचा कणा नसलेले प्राणी ही कल्पना त्यांनीच रूढ केली. सजीवांच्या शास्त्राला ‘बायोलॉजी’ हे नाव आधुनिक अर्थाने देणाऱ्या पहिल्या काही लेखकांत ते होते (१८०२).

गुंतागुंतीकडे जाण्याची प्रवृत्ती

१८०० मधील आपल्या व्याख्यानात लामार्क यांनी जातींच्या परिवर्तनाचा विचार प्रथम जाहीरपणे मांडला. तो १८०९ च्या ‘फिलॉसॉफी झूओलॉजिक’ या ग्रंथात पूर्णत्वास गेला. त्यात प्राण्यांचे १४ वर्ग व रचनेच्या ६ पायऱ्या दिल्या असून सर्वांत खाली इन्फुझोरिया, म्हणजे पाण्यात आढळणारे सूक्ष्मजीव, आणि सर्वांत वर सस्तन प्राणी आहेत.

या परिवर्तनामागे त्यांनी दोन कारणे मानली. पहिले कारण सजीवांत अंगभूत असलेली, रचना अधिकाधिक गुंतागुंतीची करण्याची प्रवृत्ती. शरीरातील द्रव सतत फिरत राहिल्याने मऊ ऊतींत मार्ग कोरले जातात आणि त्यांतून हळूहळू अवयव घडतात, अशी त्यांची भौतिक उपपत्ती होती. तीत दैवी हस्तक्षेपाला जागा नव्हती. दुसरे कारण परिस्थिती. परिस्थिती बदलली की गरजा व सवयी बदलतात, अवयवांचा वापर वाढतो किंवा घटतो आणि हे बदल संततीत उतरतात. दुसऱ्या कारणामुळे पहिल्याची सरळ वाटचाल ठिकठिकाणी वाकते, असे ते मानत. याच ग्रंथाच्या पुरवणीत त्यांनी प्राण्यांच्या उगमाची शाखायुक्त आकृती दिली. एकाच सरळ शिडीची कल्पना त्यांनाही अपुरी वाटू लागली होती, हे तीवरून दिसते.

सजीव जर अखंड वर चढत असतील, तर आजही असंख्य सूक्ष्मजीव तळाशीच का आहेत, ही अडचण उघड होती. स्वयंजननाच्या आधारे त्यांनी ती सोडविली. निर्जीव द्रव्यापासून अत्यंत साधे जीव सतत नव्याने निर्माण होत असतात, असे त्यांचे मत होते. या मतानुसार आजचा सूक्ष्मजीव नुकताच वाटचालीस लागलेला असतो, तर गुंतागुंतीच्या प्राण्याची परंपरा फार जुनी असते.

सिद्धान्ताची पुढील वाटचाल

हा आधार फार काळ टिकला नाही. लुई पाश्चर यांच्या १८६० च्या सुमाराच्या प्रयोगांनी स्वयंजननाची कल्पना मोडीत काढली. आजचे जीवाणूही आपल्याइतक्याच प्राचीन परंपरेचे वारस आहेत, असे मानणे त्यामुळे भाग पडले. चार्ल्स डार्विन यांनी ‘जातींचा उगम’च्या १८६१ मधील तिसऱ्या आवृत्तीत याच प्रश्नाचा परामर्श घेतला. नैसर्गिक निवडीत प्रगती अपरिहार्य नसते. साधी रचना ज्या परिस्थितीत पुरेशी असते तेथे ती तशीच टिकून राहते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

उपलब्ध पुराव्यांचा कल डार्विन यांच्या बाजूने आहे. जीवाणूंसारखे केंद्रकहीन जीव साडेतीन अब्ज वर्षांहून अधिक काळ पृथ्वीवर असून ते बहुतांशी एकपेशीयच राहिले आहेत. मायकोप्लाझ्मा या परजीवी जीवाणूंच्या पूर्वजांना पेशीभित्तिका व पुष्कळ अधिक जनुके होती. आश्रयदात्याच्या शरीरात राहू लागल्यावर ती नाहीशी झाली. म्हणजेच उत्क्रांतीत रचना साधीही होऊ शकते. अमेरिकेत १९८८ पासून चालू असलेल्या रिचर्ड लेन्स्की यांच्या प्रयोगात जीवाणूंच्या १२ गटांच्या ७०,०००हून अधिक पिढ्या होऊन गेल्या. त्यांत अनेक बदल झाले, पण बहुपेशीय जीव निर्माण झाला नाही.

तथापि बहुपेशीयता विशेष दुर्मीळही नाही. प्राणी, वनस्पती, कवके आणि तपकिरी शैवले यांच्यात ती स्वतंत्रपणे उद्भवली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, द्रवात लवकर तळाशी बसणाऱ्या यीस्ट पेशींचीच दररोज निवड केली असता सुमारे दोन महिन्यांत एकमेकींना चिकटून राहणाऱ्या पेशींचे पुंजके तयार झाले. याउलट, केंद्रक व तंतुकणिका असलेली पेशी आजच्या समजुतीनुसार एकदाच निर्माण झाली. एका सूक्ष्मजीवाच्या आत दुसरा सूक्ष्मजीव कायमचा वस्तीला राहिल्याने तंतुकणिका अस्तित्वात आल्या. काही टप्पे अनुकूल परिस्थितीत वारंवार गाठले जातात आणि काही क्वचितच. सर्व जीवांना वर नेणारी एकच प्रेरणा मात्र आढळत नाही.

उपार्जित गुण संततीत उतरतात ही समजूत लामार्क यांच्या आधीपासून सर्वत्र प्रचलित होती, आणि डार्विन यांनीही ती पूर्णपणे सोडली नव्हती. आउगुस्ट वाइसमान यांच्या टीकेनंतर ती मागे पडली. पण ‘लामार्कवाद’ हे नाव तिलाच चिकटले.

अखेरचा काळ आणि स्मृती

उतारवयात लामार्क यांची दृष्टी गेली. अपृष्ठवंशीय प्राण्यांवरील सात खंडांचा त्यांचा ग्रंथ १८१५ ते १८२२ या काळात प्रसिद्ध झाला. त्याचा अखेरचा भाग त्यांनी मुलीला सांगून लिहवून घेतला. पॅरिस येथे दारिद्र्यातच त्यांचे निधन झाले. मोंपार्नास दफनभूमीत त्यांना मुदतीच्या जागेत पुरण्यात आले, त्यामुळे त्यांच्या थडग्याचा ठावठिकाणा उरला नाही. जातींच्या परिवर्तनाचे कट्टर विरोधक जॉर्ज क्युव्हिए यांनी लिहिलेला त्यांच्यावरील मृत्युलेख १८३२ मध्ये अकादमीत वाचला गेला. त्यात वर्गीकरणाच्या कामाची प्रशंसा असली, तरी सिद्धान्ताची कल्पनाविलास म्हणून संभावना केली होती. लामार्क यांची पुढील काळातील प्रतिमा बरीचशी या लेखाने घडविली.

‘फिलॉसॉफी झूओलॉजिक’ला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९०९ मध्ये, पॅरिसच्या वनस्पती उद्यानात त्यांचा पुतळा उभारण्यात आला. त्याच्या चौथऱ्यावर अंध लामार्क आणि त्यांना धीर देणारी मुलगी यांचे उठावशिल्प आहे.