भिलाटीने ठरवलेला क्रम : अंबरसिंग महाराज आणि आपल्या वस्तीची यादी

येत्या ग्रामसभेत आपल्या वस्तीसाठी काय मागायचे हे ठरले आहे का? ठरले असेल तर ते कोणी ठरवले?

नंदुरबार जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही हा प्रश्न नेहमी विचारतो. एका वस्तीत तरुणांनी आमच्या हातात तयार यादीच दिली. प्रवेशद्वाराची कमान, पेव्हर ब्लॉक आणि समाजमंदिराची रंगरंगोटी. यादी नीट लिहिलेली होती, खाली सह्याही होत्या. आम्ही ती पुढे पाठवायला मदत केली. महिनाभराने त्याच वस्तीत हापशावर पाणी भरणाऱ्या बायकांशी बोलणे झाले, तेव्हा कळले की पावसाळ्यात गटाराचे पाणी थेट सहा-सात घरांत शिरते. यादीत गटार नव्हते, कारण ती झाली त्या बैठकीत एकही बाई नव्हती. चूक तरुणांची होती, पण त्याहून जास्त आमची होती. समाजशास्त्र शिकून आलेल्या आम्हाला सह्या मोजता आल्या, पण कोणाच्या सह्या नाहीत ते दिसले नाही.

त्या दिवसापासून याच जिल्ह्यातल्या एका माणसाचे आयुष्य आम्ही पुन्हा पुन्हा वाचतो आणि इथल्या जुन्या कार्यकर्त्यांकडून ऐकतो. ते आपल्या धम्माचे नव्हते आणि आपल्या जातीचेही नव्हते, पण वस्तीने आपला क्रम स्वतः कसा ठरवायचा हे त्यांच्या कामातून शिकता येते. त्यांचे नाव अंबरसिंग सुरतवंती. शहादा-तळोदा परिसर त्यांना अंबरसिंग महाराज म्हणून ओळखतो.

तापीकाठची सुपीक जमीन आणि उपाशी भिलाटी

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्याआधी हा सगळा भाग धुळे जिल्ह्यात, आणि त्याही आधी पश्चिम खानदेशात होता. उत्तरेला सातपुडा, खाली तापीचे खोरे. शहादा तालुक्याची काळी जमीन महाराष्ट्रातल्या चांगल्या जमिनींपैकी एक आहे. कापूस, केळी, ऊस सगळे पिकते. ही जमीन कसणारे हात पिढ्यानपिढ्या भिल्लांचे राहिले, पण सातबाऱ्यावरचे नाव बदलत गेले. सावकाराच्या कर्जापोटी, दारूच्या उधारीपोटी, न वाचता दिलेल्या अंगठ्यापोटी जमिनी हातातून गेल्या. ज्यांची जमीन होती तेच त्या जमिनीवर सालदार म्हणून राबू लागले. सालदार म्हणजे वर्षाच्या कराराने बांधलेला गडी. पहाटे गोठ्यात, रात्री राखणीला, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षीही त्याच दारात.

गावाच्या कडेला भिल्लांची वस्ती, म्हणजे भिलाटी. आपल्या बौद्धवाड्यासारखीच. वाडा वेगळा, पाणवठा वेगळा, गावकीत शब्दाला किंमत नाही.

अशा भिल्ल समाजातून अंबरसिंग पुढे आले. त्या काळी शिकलेले भिल्ल तरुण मोजकेच होते आणि ते त्यांच्यातले एक होते. सुरुवातीला ते सर्वोदयी विचारांच्या लोकांबरोबर आदिवासींमध्ये काम करीत. भजनाच्या निमित्ताने ते भिलाट्यांमध्ये बसत, म्हणून लोक त्यांना महाराज म्हणू लागले. भजन म्हटले की आपल्यातले अनेक तरुण नाक मुरडतील. पण भिलाटीत रात्री सगळे एकत्र बसतील असे त्या काळी दुसरे निमित्त काय होते? दिवस मालकाचा होता, मोकळी होती ती फक्त रात्र. भजन झाल्यावर बोलणे सुरू व्हायचे ते मजुरीवर, मारहाणीवर आणि गेलेल्या जमिनीवर. भीमगीतांच्या जलशांनी आपल्या वाड्यावस्त्यांत जे काम केले, त्याची आठवण इथे व्हावी.

पाटीलवाडी आणि त्यानंतर

मे १९७१ मध्ये शहादा तालुक्यातल्या पाटीलवाडीत आदिवासींवर जमीनदारांच्या बाजूने गोळीबार झाला. या घटनेने तालुका हादरला आणि बाहेरच्या महाराष्ट्राला शहाद्याचे नाव कळले. सर्वोदयी कार्यकर्ते धावून आले. अंबरसिंग महाराजांना सोबत घेऊन ग्राम स्वराज्य समितीचे काम सुरू झाले. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्तीचा मेळावा भरला. पुढे पुण्या-मुंबईकडचे शिकलेले डावे आणि समाजवादी तरुण येऊन मिळाले आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. तिचा चेहरा अंबरसिंग महाराज होते.

आपल्या वाचकांनी इथे आणखी एक तारीख आठवावी. त्या मेळाव्याच्या महिनाभर आधी, २९ डिसेंबर १९७१ रोजी, कर्मवीर दादासाहेब गायकवाड गेले. १९५९ साली मराठवाडा-खानदेशात आणि १९६४-६५ मध्ये देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह उभा करणारे ते दादासाहेब. जमिनीचा जो प्रश्न त्यांनी सगळ्या भूमिहीनांचा म्हणून मांडला, तोच शहाद्याच्या भिलाटीत पुन्हा पेटत होता. जात वेगळी होती, प्रश्न एकच होता.

आधी काय, मग काय

अंबरसिंग महाराजांच्या कामातली शिकण्यासारखी गोष्ट आम्हाला इथे दिसते. भिलाटीत समस्यांची कमी नव्हती. शाळा नाही, दवाखाना नाही, रस्ता नाही, पोटाला अन्न नाही. बाहेरून आलेला कोणीही सुशिक्षित माणूस शाळेपासून सुरुवात करील. आम्हीही केली असती. भिलाटीने मात्र पहिल्यांदा गेलेली जमीन मागितली. जमीन परत आली तर मुलाच्या हातात गुराची दोरी देण्याची वेळ येणार नाही, हा त्यामागचा साधा हिशेब होता. कोणाची किती जमीन, कोणत्या कागदावर, कोणाकडे गेली, याची माहिती लोकांनीच गोळा केली. आज ज्याला आपण सर्वेक्षण म्हणतो, ते काम निरक्षर माणसांनी आठवणीवर केले.

मग १९७२चा दुष्काळ आला आणि क्रम बदलला. रोजगार आणि मजुरी पुढे आली. सालदारांच्या कामाचे तास, त्यांचा मोबदला आणि सरकारी दुष्काळी कामांवरची मजुरी हे विषय आंदोलनाचे झाले. दुष्काळाने भुकेलेल्या माणसाला आधी जमिनीचा खटला संपू दे, असे सांगून चालले नसते. यादी एकदा लिहिली की दगडावर कोरली, असे त्यांनी मानले नाही.

तिसरा बदल बायकांनी घडवला. शिबिरे होऊ लागली, बायकाही बोलू लागल्या. त्यांनी दारू आणि नवऱ्याची मारहाण हे दोन विषय समोर ठेवले. पुरुषांच्या यादीत हे विषय नव्हते. मग बायकांचे जथे गावोगाव निघाले, दारूची मडकी फोडली गेली आणि मारहाण करणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला गेला. महाराष्ट्रातल्या स्त्री चळवळीच्या इतिहासात शहाद्याचे नाव आजही या कामासाठी घेतले जाते. बैठकीत बसणारी माणसे बदलली की यादी बदलते, हे इथे स्पष्ट दिसते. आमच्या हापशावरच्या बायकांनी आम्हाला तेच सांगितले.

हे सगळे टिकले ते गावोगावच्या तरुण मंडळांमुळे. त्यामुळे निर्णय शहाद्याच्या कचेरीत न होता भिलाटीतल्या बैठकीत होऊ शकत होते.

गावावर विश्वास किती ठेवायचा?

इथे आपल्यातला कोणीही एक रास्त शंका काढील. ग्रामस्वराज्य हा शब्द आपल्याला रुचत नाही, आणि त्याला कारण आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यावर कडक टीका केली होती. गाव म्हणजे जातीचा किल्ला, हा त्यांचा अनुभव होता आणि आपलाही आहे. गावाने एकमताने ठरवले असे आपण ऐकतो, तेव्हा बहुतेक वेळा पाच-सहा घरांनी ठरवलेले असते आणि बाकीच्यांनी मान डोलावलेली असते.

आमचे मत असे की अंबरसिंग महाराजांच्या कामाने या शंकेला एक व्यवहारी उत्तर दिले. पहिली बैठक संपूर्ण गावाची नसे, ती भिलाटीची असे. दुबळ्याने आधी आपल्या माणसांत बसून आपला क्रम ठरवायचा, तो पाठ करायचा, आणि मगच गावासमोर, तहसीलदारासमोर, मालकासमोर जायचे. भागीदारी बरोबरीच्यांत होते. एकटा सालदार मालकाशी भागीदारी करू शकत नाही, संघटित भिलाटी निदान बोलणी करू शकते.

आपल्या परंपरेतही हे आहे. वज्जींची हानी होणार नाही, अशा सात गोष्टी भगवंतांनी सांगितल्या. त्यात वारंवार एकत्र जमणे आणि एकोप्याने निर्णय घेणे या गोष्टी सर्वांत आधी येतात. भिक्खू संघाला सभेचे नियम माहीत होते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात देशाला आठवण करून दिले होते. जमणे हे आपल्याकडे धम्माचेच काम आहे. प्रश्न एवढाच की आपण जयंतीच्या वर्गणीपुरते जमतो की गटारासाठीही जमतो?

अपुरे राहिलेले

१९७४ साली, ऐन उमेदीत, अंबरसिंग महाराज गेले. त्याच वर्षी आदिवासींची जमीन बिगर आदिवासींकडे जाण्यावर बंधने घालणारी दुरुस्ती राज्याने केली. आदिवासींना जमिनी परत करण्याचा कायदाही झाला, त्याचा अंमल १ नोव्हेंबर १९७५ पासून सुरू झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी त्याच्या कक्षेत आल्या. या कायद्यांमागे राज्यभरच्या आदिवासी लढ्यांचा दबाव होता आणि शहादा त्यात ठळक होते. पुढची पिढी त्याच मातीतून उभी राहिली. भिल्ल कवी आणि कार्यकर्ते वाहरू सोनवणे यांची स्टेज ही कविता अनेकांना माहीत असेल. ज्यांचे दुःख आहे ते मंचाखाली आणि त्या दुःखावर बोलणारे मंचावर, या विसंगतीवर ती बोट ठेवते. बाहेरून आलेल्या शिकलेल्या कार्यकर्त्यांनी, म्हणजे आमच्यासारख्यांनी, ती कविता स्वतःला उद्देशून वाचावी. बाहेरच्यांची मदत कायदा समजावण्यासाठी, अर्ज लिहिण्यासाठी, शहरात आवाज पोहोचवण्यासाठी लागते. यादीचा क्रम लावण्यासाठी ती लागू नये.

आज आपल्या हातात काय आहे?

अंबरसिंग महाराजांच्या हातात जे नव्हते ते आज आपल्या हातात आहे. ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा दिली. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मागता येते. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके पूर्ण, तर शहादा आणि नंदुरबार काही भागांत या कायद्याखाली येतात. पेसा गावांना थेट मिळणारा ५ टक्के अबंध निधी आहे. आमचं गाव, आमचा विकास या उपक्रमात ग्रामपंचायतीने लोकांना विचारून आराखडा करायचा असतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना आहे, तिच्यातून पाणी, गटार, रस्ते, दिवे, समाजमंदिर अशी कामे होतात.

कायदा आहे, पैसाही येतो. क्रम मात्र अजूनही कोणीतरी दुसराच लावतो.

२०११च्या जनगणनेप्रमाणे या जिल्ह्यात आदिवासी ६९ टक्के आहेत. अनुसूचित जातींची संख्या ३ टक्क्यांच्या आसपास, त्यात आपण बौद्ध आणखी कमी. एकट्याच्या बळावर ग्रामसभेत आपला ठराव मंजूर होणे अवघड आहे. म्हणून आमची तरुण कार्यकर्त्यांना विनंती आहे. ग्रामसभेच्या आधी विहारात वस्तीची बैठक घ्या, पण त्याआधी बायकांची वेगळी बैठक होऊ द्या. कायद्यातही ग्रामसभेआधी महिला सभा सांगितली आहे, ती कागदावर राहू देऊ नका. जमिनीवर रांगोळीने वस्तीचा नकाशा काढा. प्रत्येक घराला सारखे चिंचोके द्या आणि ज्या कामाची गरज जास्त वाटते त्यावर ते ठेवायला सांगा. ज्याला लिहिता येत नाही त्याचेही मत मग मोजले जाते. पहिल्या तीन कामांवर थांबा. आणि शेवटी ती यादी घेऊन भिलाटीत जा. त्यांची यादी ऐका. दोन्ही याद्यांत जे काम सारखे निघेल, ते ग्रामसभेत दोघांनी मिळून मांडा.

आम्ही त्या वस्तीत परत गेलो. चिंचोके ठेवले तेव्हा गटारावर ढीग झाला, कमानीवर थोडेच पडले. गटार अजून झालेले नाही, मंजुरीची वाट पाहणे चालू आहे. पण कमानीची यादी घेऊन आलेला तरुण आता दर बैठकीआधी घरोघर जाऊन बायकांना बोलावतो. भिलाटीतून मात्र अजून कोणी आलेले नाही, कारण आम्हीच अजून तिकडे गेलेलो नाही. पुढच्या ग्रामसभेआधी जायचे ठरवले आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!