शिकागोचा फडमालक

काही वर्षांपूर्वी पुतणीकडे शिकागोला गेलो होतो. काकांना बास्केटबॉलची आवड आहे हे तिला ठाऊक, म्हणून तिनं हौसेनं बुल्सच्या सामन्याची तिकिटं काढली. युनायटेड सेंटर हे त्या स्टेडियमचं नाव. आत शिरून बसतो न बसतो तोच सगळे दिवे गेले. मुंबईच्या सवयीनं मला वाटलं, वीज गेली. पण तो कार्यक्रमाचाच भाग होता. काळोखात संगीत घुमू लागलं, प्रकाशाचे झोत गरगर फिरू लागले आणि निवेदक एकेका खेळाडूचं नाव लांबवत लांबवत पुकारू लागला. पुढचे दोन-अडीच तास खेळ थांबला की काहीतरी सुरू व्हायचं. लाल रंगाचा बैल नाचायचा, नर्तिका यायच्या, प्रेक्षकांत टी-शर्ट भिरकावले जायचे. पाहुण्या संघाचा खेळाडू फ्री थ्रोला उभा राहिला की बास्केटमागचे प्रेक्षक हात-पाय हलवून, ओरडून त्याचं चित्त विचलित करायचे. आपण सामना बघायला आलो आहोत की कोणाच्या वरातीत, असा प्रश्न मला पडला. शेजारी पुतणीचा मुलगा मात्र हरखून गेला होता. गुणफलकाकडे त्याचं फारसं लक्ष नव्हतं.

त्या गोंगाटात मला एब सॅपरस्टीन आठवला. हा सगळा थाट त्यानंच सुरू केला असं म्हणणं अतिशयोक्तीचं ठरेल. पण बास्केटबॉलच्या तिकिटाबरोबर हशाही विकता येतो, हे त्याच्याइतकं नेमकं कोणीच ओळखलं नाही. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संघाचा तो मालक.

त्याची माझी ओळख पडद्यावरची. शाळकरी वयात आमच्या मैदानाशेजारच्या हॉलमध्ये आम्हाला ग्लोबट्रॉटर्सची एक चित्रफीत दाखवली होती. प्रोजेक्टरच्या खरखराटात गूस टेटम नावाचा लांबच लांब हातांचा माणूस प्रतिस्पर्ध्यांच्या घोळक्यात जाऊन त्यांची खलबतं कान देऊन ऐकत होता, आणि आम्ही पोरं पोट धरधरून हसत होतो. पुढे वाचनात बरंच काही आलं, आणि आपण नक्की कशाला हसलो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे.

सॅपरस्टीनचा जन्म ४ जुलै १९०२ चा, लंडनच्या व्हाइटचॅपल वस्तीतला. आईवडील पोलंडमधून आलेले ज्यू, वडील शिंपी. एब पाच वर्षांचा असताना कुटुंब शिकागोला आलं. खेळाचं वेड जबर, पण उंची सव्वापाच फुटांच्या वर गेलीच नाही. बास्केटबॉलमध्ये या उंचीचं काय होतं ते सांगायला नको. तो शिकागोच्या एका बागेत क्रीडा पर्यवेक्षक म्हणून लागला आणि तिथून संघ चालवण्याच्या उद्योगात पडला.

त्या काळी बास्केटबॉलला स्वतःचं घर नव्हतं. शिकागोच्या दक्षिण भागात, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, सॅव्हॉय नावाचं भव्य नृत्यगृह होतं. तिथं नाचाला गर्दी जमावी म्हणून आधी बास्केटबॉलचा सामना ठेवत. म्हणजे मुख्य जेवण नाचाचं, बास्केटबॉल नुसती तोंडी लावायला! न्यूयॉर्कच्या हार्लेममध्येही तीच रीत होती. तेव्हा आज खेळाच्या मध्ये नाच घुसवला म्हणून आम्ही जुने लोक नाकं मुरडतो, त्याला फारसा अर्थ नाही. इथं मुळात खेळच नाचाच्या मांडवात पाहुणा म्हणून आला होता.

सॅव्हॉयच्या या संघातले काही खेळाडू फुटले, त्यातून नवा संघ झाला आणि तो सॅपरस्टीनच्या हाती आला. शिकागोपासून शंभरेक किलोमीटरवरच्या हिंकली गावात ७ जानेवारी १९२७ ला पहिला सामना झाला, अशी संघाची अधिकृत कथा आहे. गंमत अशी की सॅव्हॉय नृत्यगृह उघडलं तेच मुळी त्या वर्षीच्या नोव्हेंबरात! त्यामुळे अभ्यासक ही तारीख मानत नाहीत. पण फडमालकाच्या तोंडून फडाचा इतिहास ऐकताना थोडं मीठ बाजूला ठेवूनच ऐकावं. नावाचंही तसंच. खेळाडू शिकागोचे, मालक शिकागोचा, नाव मात्र हार्लेम. पोस्टर वाचताच संघ कृष्णवर्णीयांचा आहे हे गावकऱ्यांना कळावं, एवढाच हेतू. जग तर त्यांनी अजून पाहिलंही नव्हतं, पण जगभर भटकणारे म्हणून ग्लोबट्रॉटर्स!

सुरुवातीची वर्षं खडतर होती. एका जुन्या मोटारीत पाच खेळाडू आणि सॅपरस्टीन. मोटार तोच चालवायचा, सामने तोच ठरवायचा, तिकिटांचा हिशेब त्याचाच, आणि एखादा खेळाडू जखमी झाला तर हा ठेंगणा गृहस्थ स्वतः कपडे बदलून मैदानात उतरायचा. इलिनॉय, आयोवा, मिनेसोटा असल्या राज्यांतल्या बर्फाळ खेड्यांत रोज नवं गाव, रोज नवा सामना. गावच्या संघाला हरवणं हातचा मळ होता. अडचण वेगळीच होती. गोऱ्यांच्या गावात काळ्या पोरांनी गावकऱ्यांना चाळीस गुणांनी लोळवलं, तर पुढच्या वर्षी बोलावणार कोण? आणि त्याच रात्री मुक्काम कुठे करायचा?

हशा आला तो या अडचणीतून. इनमन जॅक्सन नावाचा धिप्पाड खेळाडू चेंडू बोटावर फिरवी, खांद्यावरून घरंगळत नेई, समोरच्याला चकवून मिस्कील चेहरा करून उभा राही. गावकरी हसले. हसले म्हणजे हरल्याचं दुःख विसरले. शिवाय एकाच्या करामती चालू असताना बाकीच्या चौघांना दम खाता येई, कारण बदली खेळाडूंची चैन परवडत नव्हती. सॅपरस्टीननं हे बरोबर हेरलं आणि त्याचा नियम केला. आधी गुणांची भक्कम आघाडी घ्यायची, मगच सोंग काढायचं. आपल्या तमाशात सोंगाड्याला वाटेल तेव्हा बोलता येत नाही, वेळ साधावी लागते, तसंच हे.

याच सुमारास हार्लेमच्या खऱ्याखुऱ्या भूमीवर दुसरा एक संघ खेळत होता. न्यूयॉर्क रेनेसान्स, म्हणजे रेन्स. त्याचा मालक बॉब डग्लस स्वतः कृष्णवर्णीय. विदूषकी त्याला साफ नामंजूर होती. १९३२-३३ च्या हंगामात रेन्सनं ओळीनं ८८ सामने जिंकले. १९३९ साली शिकागोत पहिली जागतिक व्यावसायिक स्पर्धा झाली, तेव्हा त्यांनी ग्लोबट्रॉटर्सना हरवलं आणि विजेतेपदही पटकावलं. पुढच्याच वर्षी ग्लोबट्रॉटर्सनी एका गुणानं उट्टं काढलं आणि स्पर्धा जिंकली. म्हणजे खेळात हे दोघे तोडीस तोड. पण रेन्सचा संघ १९४९ साली संपला, आणि ग्लोबट्रॉटर्स जगभर गेले. हशाला गिऱ्हाईक होतं, स्वाभिमानाला नव्हतं. मला ही गोष्ट अजूनही टोचते. डग्लसचं नाव आमच्या त्या चित्रफितीत कुठेही नव्हतं.

१९४२ मध्ये गूस टेटम आला, युद्धानंतर ड्रिब्लिंगचा जादूगार मार्केस हेन्स आला. हेन्स गुडघ्यांवर घसरत, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर चेंडू आपटत सगळ्या प्रतिस्पर्ध्यांना गोल गोल फिरवायचा. पण नुसते विदूषक म्हणून जे त्यांना हिणवत, त्यांची तोंडं १९ फेब्रुवारी १९४८ ला बंद झाली. शिकागो स्टेडियममध्ये १७,८२३ प्रेक्षक. समोर मिनियापोलिस लेकर्स, त्यांच्यात सहा फूट दहा इंचांचा जॉर्ज मायकन, त्या काळातला सर्वश्रेष्ठ खेळाडू. मध्यंतराला लेकर्स नऊ गुणांनी पुढे. त्या रात्री सोंगं काढायला उसंत नव्हती. शेवटचे क्षण उरले, गुण ५९-५९, चेंडू अर्मर रॉबिन्सनच्या हातात. त्यानं लांबून फेकला आणि ६१-५९! काळ्या खेळाडूंना वरच्या दर्जाचा खेळ झेपत नाही, असं म्हणणाऱ्यांना पुढच्या वर्षीही, वीस हजारांवर प्रेक्षकांसमोर, तेच उत्तर मिळालं.

या विजयाचा फटका कोणाला बसावा? खुद्द सॅपरस्टीनला! तोपर्यंत देशातल्या उत्तम कृष्णवर्णीय खेळाडूंची जणू मक्तेदारीच त्याच्याकडे होती, कारण व्यावसायिक लीगचे दरवाजे त्यांना जवळजवळ बंद होते. १९५० साली बोस्टन सेल्टिक्सच्या वॉल्टर ब्राउननं चक कूपरची निवड केली, तेव्हा सॅपरस्टीन संतापला आणि बोस्टनच्या स्टेडियमवर त्यानं बहिष्कार टाकला. त्यापूर्वी त्याला दुखवायची लीगच्या मालकांची छाती नव्हती, कारण त्यांची पोटं त्याच्यावर अवलंबून होती. एनबीएच्या सामन्यांना तेव्हा खुर्च्या रिकाम्या राहात. मग एकाच तिकिटात दोन सामने ठेवायचे, एक ग्लोबट्रॉटर्सचा आणि एक लीगचा. ग्लोबट्रॉटर्सचा आधी झाला की निम्मे लोक उठून घरी जात. ज्या लीगची आज जगभर मिजास आहे, ती तेव्हा अशी दुसऱ्याच्या पंगतीत बसून जेवत होती.

करमणुकीचा सगळा साचा सॅपरस्टीननं याच काळात पक्का केला. शिट्टीवर वाजवलेली ‘स्वीट जॉर्जिया ब्राउन’ची धून लागायची आणि खेळाडू वर्तुळ करून चेंडूची जादू दाखवायचे. मध्यंतरात कसरतपटू, चेंडू झेलणारे, टेबल टेनिसचे जगज्जेते. टेनिसमधली विम्बल्डन विजेती अल्थिया गिब्सनसुद्धा १९५९-६० मध्ये त्यांच्या सामन्यांपूर्वी प्रदर्शनी टेनिस खेळली. एवढ्या मोठ्या खेळाडूला पोटासाठी तिथं उभं राहावं लागलं, हे तिच्या देशाला शोभलं नाही. पण तिला काम देणारा माणूस सॅपरस्टीन होता, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

त्याची कीर्ती शिखरावर पोचली ती बर्लिनमध्ये. ऑगस्ट १९५१. ऑलिंपिक स्टेडियममध्ये ७५,००० प्रेक्षक, बास्केटबॉलला तोवर अशी गर्दी कोणी पाहिली नव्हती. मध्येच हेलिकॉप्टर उतरलं आणि त्यातून जेसी ओवेन्स बाहेर आला. १९३६ मध्ये हिटलरच्या डोळ्यांदेखत याच मैदानावर चार सुवर्णपदकं जिंकणारा. स्टेडियम उभं राहिलं. ही कल्पना सुचणाऱ्याला दाद द्यावीच लागते. अमेरिकेचं परराष्ट्र खातंही खूश होतं. आमच्याकडचे काळे नागरिक बघा किती आनंदात आहेत, हे जगाला दाखवायला याहून चांगले दूत कुठले? ते दूत मायदेशी परतले की दक्षिणेकडच्या कित्येक हॉटेलांत त्यांना खोली मिळत नसे.

पैशांचं काय? सुरुवातीला मिळकतीची वाटणी व्हायची. १९३० च्या दशकातच मालकानं ती मोडून पगार सुरू केला, तेव्हा काही जुने खेळाडू सोडून गेले. १९५३ मध्ये पैशांवरूनच हेन्स बाहेर पडला आणि त्यानं स्वतःचा संघ काढला. दोन वर्षांत टेटमही त्याला मिळाला. १९५६ साली सॅपरस्टीन बिल रसेलला घ्यायला गेला. गेला म्हणजे रसेलच्या प्रशिक्षकाशी गंभीरपणे व्यवहार बोलत बसला आणि खुद्द रसेलशी गप्पा मारून त्याला हसवण्याचं काम सहकाऱ्यावर सोपवलं. रसेल उठला तो थेट सेल्टिक्सकडे गेला आणि तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदं घेऊन बसला. दुसरीकडे विल्ट चेंबरलेन १९५८-५९ चं वर्ष ग्लोबट्रॉटर्सबरोबर राहिला, त्यांच्याबरोबर मॉस्कोपर्यंत गेला, आणि त्या दिवसांची आठवण त्यानं नेहमी आनंदानं काढली. एकाच माणसाच्या दारातून एक दुखावून गेला, एक सुखावून. मी निवाडा करू पाहतो तेव्हा हे दोघे माझ्यासमोर दोन बाजूंना उभे राहतात.

लीगनंही त्याला शेवटी हात दाखवलाच. लॉस एंजेलिसमध्ये एनबीएचा संघ आपल्याला मिळेल, अशी त्याची समजूत होती. १९६० साली तिथं लेकर्स गेले. संतापून त्यानं १९६१ मध्ये स्वतःची लीग काढली. पंचवीस फुटांवर रेषा आखली आणि तिच्या पलीकडून बास्केट झाला तर तीन गुण दिले. लांबून चेंडू हवेत असताना अख्खं स्टेडियम श्वास रोखतं, हे त्याला ठाऊक होतं. १९४८ च्या त्या रात्री त्यानं ते पाहिलं होतं. लीग ३१ डिसेंबर १९६२ ला बुडाली. एनबीएनं तीन गुणांचा नियम १९७९ मध्ये उचलला. आज तो नसेल तर बास्केटबॉल ओळखू येणार नाही.

१५ मार्च १९६६ ला शिकागोतच सॅपरस्टीन हृदयविकारानं गेला. त्याच्या हार्लेम ग्लोबट्रॉटर्सनी हार्लेममध्ये पहिला सामना खेळला तो १९६८ साली.

सामना संपल्यावर आम्ही बाहेर पडलो. जुनं शिकागो स्टेडियम कुठे होतं, असं मी पुतणीला विचारलं. ते १९९५ मध्ये पाडलं, हे तिला माहीत होतं. नेमकी जागा तिनं कोणाला तरी विचारून घेतली. रस्त्याच्या पलीकडे मोटारी लावायचं मोठं आवार होतं, तीच ती जागा. आमची गाडीही तिथंच उभी होती. पुतणीचा मुलगा मिळालेला लाल टी-शर्ट डोक्यावर गरगर फिरवत तिच्याकडे पळत सुटला.