चार अंकांचा प्रयोग

किर्लोस्कर म्हटलं की इंजिनिअरिंगच्या पोरांच्या डोळ्यांसमोर काय येतं? पंप. फार तर डिझेल इंजिन, आणि कॅम्पस इंटरव्ह्यूचा सीझन असेल तर खडकीची कंपनी. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव आपल्याला ठाऊक असतं. पण ज्या गुर्लहोसूर नावाच्या गावात १८६९ साली लक्ष्मणराव जन्मले, त्याच बेळगाव जिल्ह्यातल्या छोट्या गावात २६ वर्षं आधी आणखी एक किर्लोस्कर जन्मला होता. त्याने लोखंड कधी वितळवलं नाही. त्याने नाटकाचं मशीन उघडलं, आतले पार्ट वेगळ्या पद्धतीने जोडले आणि पुण्यात चालवून दाखवलं. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर. जन्म ३१ मार्च १८४३.

हे साल लक्षात ठेवा. याच १८४३ च्या नोव्हेंबरात सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली असं आपण मानतो. म्हणजे अण्णासाहेब आणि मराठी नाटक एकाच वयाचे.

आता हे भाव्यांच्या पद्धतीचं नाटक कसं असायचं, ते जरा समजून घेऊ, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. गाणं सगळं सूत्रधाराकडे. तो बाजूला उभा राहून पदांतून गोष्ट सांगायचा आणि नटमंडळी त्या बरहुकूम वेळेवर सुचतील ती भाषणं करायची. आधी गणपती यायचा, मग मोरावर बसून सरस्वती, विदूषक मध्ये मध्ये लुडबुडायचा आणि राक्षस आरडाओरडा करत स्टेज दणाणून सोडायचे. त्या राक्षसी आरोळ्यांवरूनच या प्रकाराला 'अलल्लडुर्र'ची नाटकं असं नाव पडलं. दुसरीकडे कॉलेजात शिकलेल्या मंडळींनी 'बुकिश' नाटकं काढली. १८६१ चं कीर्तन्यांचं 'थोरले माधवराव पेशवे' हे त्यातलं गाजलेलं. इथे संवाद आधी लिहून, पाठ करून म्हणायचे, पण गाणं जवळपास नाहीच. थोडक्यात, गाणं हवं असेल तर राक्षस सहन करा, आणि धड संवाद हवे असतील तर गाण्यावर पाणी सोडा. तेव्हाच्या प्रेक्षकापुढे हे दोनच चॅनेल होते!

अण्णासाहेबांना नाटकाचा किडा लहानपणापासून. शिकायला म्हणून पुण्यात आले, पण लक्ष पुस्तकापेक्षा नाटकमंडळ्यांकडे जास्त. फिरत्या मंडळ्यांना पदं रचून देण्याचा उद्योग त्यांनी तरुणपणीच केला. (सबमिशन सोडून फिरोदियाच्या तालमीला पळणाऱ्यांनी फार खूष होऊ नये, पुढे वाचा.) शिक्षण मागे पडलं. मग बेळगावला मास्तरकी आणि नंतर सरकारी महसूल कचेरीत नोकरी. बेळगावच्या त्यांच्या विद्यार्थ्यांमध्ये गोविंद बल्लाळ देवल नावाचा एक मुलगा होता. पुढे 'शारदा' लिहिणारे देवल ते हेच.

या काळात त्यांनी एक-दोन नाटकं लिहायला घेतली. 'शांकरदिग्जय' १८७३ साली झालं, तेही गद्य. त्याने काही जग हललं नाही. तिशी ओलांडलेला, कचेरीत कागद खरडणारा, पदं बरी करतो अशी मित्रांत ख्याती असलेला एक गृहस्थ, एवढीच अण्णासाहेबांची १८८० सालापर्यंतची ओळख. चाळीशीकडे झुकलेल्या माणसाला लोक तेव्हाही आता गप नोकरी कर असंच सुचवत असणार.

१८८० हे पुण्यात भलतंच गडबडीचं साल होतं. जानेवारीत चिपळूणकर, टिळक वगैरे मंडळींनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं होतं, केसरी निघायला अजून काही महिने होते. आपल्या इंजिनिअरिंगचं म्हणाल तर इथे त्याचा वर्ग १८५४ पासूनच चालू होता. अशा पुण्यात त्या वर्षी एका पारशी कंपनीने 'इंद्रसभा' लावलं आणि नोकरीनिमित्त इथे असलेल्या अण्णासाहेबांनी ते पाहिलं. त्यात पात्रं स्वतःच गात होती, नाचत होती. सूत्रधाराची मध्यस्थी नाही. ज्याला दुःख झालंय तोच ते गाणार, जी प्रेमात पडलीय तीच ते सांगणार.

आपल्याला यात विशेष काही वाटणार नाही, कारण हिंदी सिनेमे बघत आपण वाढलो. पण अण्णासाहेबांच्या डोक्यात तिथे सर्किट पूर्ण झालं. बुकिश नाटकाचे लिहिलेले संवाद घ्यायचे, भाव्यांच्या सूत्रधाराकडचं गाणं काढून पात्रांच्या गळ्यात घालायचं, आणि गोष्ट निवडायची ती थेट कालिदासाची, 'शाकुंतल'.

निवड धाडसाची होती. ज्यांनी मूळ संस्कृत घोकलंय अशा शास्त्री-पंडितांच्या गावात कालिदास मराठीत आणायचा, आणि तोही कुठल्या चालींवर? कीर्तनातल्या साक्या, दिंड्या, लावणीच्या चाली, बेळगावकडे कानांवर पडलेल्या कानडी चाली. दोनशेच्या आसपास पदं! भारदस्त लोकांनी नाकं मुरडायची पूर्ण सोय होती. नाटकवाल्यांना समाजात मान नव्हताच, वर कालिदास बिघडवला असा शिक्का बसला असता तर महसूल कचेरीतल्या या माणसाला पुण्यात तोंड दाखवायची पंचाईत झाली असती.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पात्रांनी गाण्याचा मराठीतला पहिला प्रयत्न अण्णासाहेबांचा नाही. सोकर बापूजी त्रिलोकेकरांचं 'नल-दमयंती' मुंबईत १८७९ सालीच झालं होतं. त्यामुळे पहिला नंबर कोणाचा यावर नाटकवाले अजून भांडू शकतात. माझं मत असं की पेटंट कोणाच्याही नावावर असो, प्रॉडक्ट बाजारात चाललं ते अण्णासाहेबांचं, आणि ते का चाललं हे बघण्यासारखं आहे.

तर ३१ ऑक्टोबर १८८०. बुधवार पेठेतलं आनंदोद्भव नाट्यगृह. सूत्रधार स्वतः अण्णासाहेब. दुष्यंत मोरोबा वाघोलीकर, कण्व बाळकोबा नाटेकर आणि शकुंतला शंकरराव मुजुमदार. (स्त्रिया स्टेजवर येण्याचा प्रश्नच नव्हता.) आणि नाटक? अर्धवट! मूळ सात अंकांपैकी पहिले चारच त्या रात्री झाले.

मला या माणसाची सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. सगळं होईपर्यंत थांबू, मग एकदम दाखवू, असं त्याने केलं नाही. आपण आता ज्याला बीटा व्हर्जन म्हणतो ते लोकांपुढे ठेवलं आणि लोक काय म्हणतात ते बघितलं. तोडलं कुठे ते पण बघा. 'शाकुंतला'चा चौथा अंक म्हणजे शकुंतलेची सासरी पाठवणी. दुर्वासाचा शाप होऊन गेलाय, तो प्रेक्षकाला माहीत आहे आणि तिला माहीत नाही. कण्व मुलीला निरोप देतात, ती निघते, आणि राजा तिला ओळखणार नाही तो पाचवा अंक त्या रात्री नाहीच! टीव्हीवरची डेली सोप लिहिणारे ज्या जागी एपिसोड संपवतात, बरोब्बर ती जागा. हे मुद्दाम केलं की तेवढंच बसवून झालं होतं, ते बाजूला ठेवू. परिणाम व्हायचा तोच झाला.

लेक सासरी जाताना बापाच्या पोटात काय होतं, हे नाट्यगृहातल्या प्रत्येकाला आपल्या घरातून ठाऊक होतं. संस्कृतात ते वाचणं वेगळं, आणि कीर्तनात रोज ऐकलेल्या वळणाच्या चालीवर, आपल्या भाषेत, तो बापच गातोय हे समोर बघणं वेगळं. ज्या चालींमुळे नाकं मुरडली जातील अशी भीती होती त्या चालींनीच काम केलं. पंडित काय आणि पेठेतला दुकानदार काय, दोघांनाही त्या आधीपासून पाठ होत्या. नाटक प्रचंड आवडलं. उरलेले अंक लिहून-बसवून १८८१ साली सातही अंकांचं 'संगीत शाकुंतल' उभं राहिलं, आणि किर्लोस्कर नाटक मंडळी हे नाव घरोघरी पोचलं. त्याची नांदी आजही संगीत नाटकाच्या स्टेजवर ऐकू येते.

अमेरिकेत २०१२ मध्ये 'स्मॅश' नावाची टीव्ही मालिका आली होती. मेरिलिन मन्रोवर एक संगीत नाटक बसवणाऱ्या मंडळींची गोष्ट. त्यात ही मंडळी ब्रॉडवेला जायच्या आधी बॉस्टनला प्रयोग करून प्रेक्षकांचा अंदाज घेतात, पदं बदलतात, नट बदलतात. पहिल्या एपिसोडवर लोक खूष होते, पुढे पुढे वैतागत गेले आणि दोन सीझनमध्ये मालिका आटोपली. गाणी आवडली पण मधली गोष्ट नको झाली, अशी अनेकांची तक्रार. ती बघताना मला सारखे आनंदोद्भवमधले प्रेक्षक आठवत होते. त्यांनाही गाणी आवडली, पण चार अंकांनंतर त्यांना पुढची गोष्ट हवी होती. हा फरक लहान नाही.

प्रेक्षकांचं ऐकून नट बदलणं अण्णासाहेबांकडेही झालं. शंकरराव दिसायला शकुंतला शोभत, पण गाण्याच्या नाटकाला गाणारी शकुंतला हवी. १८८२ साली बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले. वय एकोणीसच्या आसपास, आवाज उंच आणि गोड. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं, 'भावड्या' म्हणून लाडाने ओळखू लागले. शंकररावांनी बाजूला होऊन मंडळीचा कारभार बघितला. आपली भूमिका दुसऱ्याला जाताना बघून माणूस कडवट होतो, एखाद्या करंडकाच्या तालमीत हे आपण पाहतोच. पण पुढे अण्णासाहेबांचं चरित्र लिहिलं ते याच शंकररावांनी.

भाऊरावांचा गळा हाताशी आल्यावर अण्णासाहेबांनी भाषांतर सोडून स्वतंत्र नाटक घेतलं. १८ नोव्हेंबर १८८२ ला पुण्यात 'सौभद्र' लागलं, आणि पुन्हा तोच खाक्या : पहिले तीनच अंक! पाच अंकांचं पूर्ण नाटक १८८३ मध्ये. गोष्ट महाभारतातली, पण वागतात सगळे सदाशिव पेठेतल्यासारखे. थोरल्या भावाने बहिणीचं लग्न भलत्याशीच ठरवलंय, धाकटा भाऊ वरवर हो म्हणून आतून डाव खेळतोय, बहिणीचा जीव दुसऱ्यातच अडकलाय आणि तो पठ्ठ्या संन्याशाच्या वेषात घरात येऊन बसलाय. कृष्ण-रुक्मिणीचा प्रवेश तर सरळ नवरा-बायकोचा आहे. राक्षस घटोत्कच आहे, पण 'अलल्लडुर्र' नाही. देवांना घरातली माणसं करून टाकलं, म्हणूनच 'सौभद्र' आजवर टिकलं. 'शाकुंतल' थोर असेल, पण पैजेवर सांगतो, तिकीट काढून पुन्हा पुन्हा बघण्याचं नाटक 'सौभद्र'च.

या यशाची किंमतही होती. लोकांना पात्रांनी गायलेलं इतकं आवडलं की पुढच्या काळात वन्समोअरवर वन्समोअर पडू लागले, नाटक पहाटेपर्यंत लांबू लागलं, आणि शोकात बुडालेली नायिका तेच पद पुन्हा पुन्हा आळवू लागली. गोष्ट थांबली तरी चालेल, गाणं थांबता कामा नये असं झालं. बोलपट आल्यावर या प्रकाराची दमछाक झाली त्यात हे एक कारण नक्की असणार. पण याचं बिल अण्णासाहेबांच्या नावावर फाडणं मला पटत नाही. त्यांच्या नाटकात पद येतं ते गोष्ट पुढे सरकवायला.

त्यांची मंडळी मात्र पुढे कितीतरी वर्षं चालली. १८९९ साली देवलांचं 'शारदा' तिने केलं. १९०५ मध्ये नारायण राजहंस नावाचा मुलगा तिच्यात आला आणि पहिल्यांदा उभा राहिला तो शकुंतला म्हणूनच. हे बालगंधर्व. २०११ च्या सिनेमामुळे आपल्या पिढीला त्यांची ओळख झाली. जंगली महाराज रोडवरच्या रंगमंदिराला नावही त्यांचं आहे.

अण्णासाहेबांनी तिसरं नाटक घेतलं 'रामराज्यवियोग'. १८८४ मध्ये नेहमीप्रमाणे पहिले तीन अंक स्टेजवर आले. राज्याभिषेक ठरलेला आणि कैकेयीचा हट्ट समोर उभा, अशी ही गोष्ट. उरलेले अंक लोकांचा कौल बघून लिहायचे, ही त्यांची आता सवयच होती. पण तब्येत ढासळली आणि ते गुर्लहोसूरला गेले. २ नोव्हेंबर १८८५ ला तिथेच वारले. वय ४२. आनंदोद्भवमधल्या त्या रात्रीला पाच वर्षं आणि दोन दिवस झाले होते. 'रामराज्यवियोगा'चे पुढचे अंक लिहायचे राहूनच गेले.