चर्चिल आणि त्यांच्या सचिवाची रोजनिशी

विन्स्टन चर्चिल १० मे १९४० रोजी ब्रिटनचे पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांच्या कार्यालयातील एक तरुण साहाय्यक खासगी सचिव मनातून नाराज होता. पंचविशीतले जॉन कोलव्हिल मावळते पंतप्रधान नेव्हिल चेम्बरलेन यांच्या सेवेत होते. चर्चिल त्यांना उतावळे आणि बेभरवशाचे वाटत. काही आठवड्यांतच त्यांचे मत पालटले. फ्रान्स कोसळत असताना पासष्टीचा हा नेता ज्या धैर्याने उभा राहिला, ते त्यांनी जवळून पाहिले. युद्धकाळात रोजनिशी लिहिणे अनुचित होते, तरीही कोलव्हिल लिहीत राहिले.

चर्चिल यांचे बोलणे मध्यरात्रीनंतरही चाले. २१ जून १९४१ च्या रात्री चेकर्स येथील निवासस्थानी हिटलर रशियावर चाल करणार, अशी चर्चा होती. आयुष्यभर साम्यवादाला विरोध करून आता स्टालिनला साथ देणे विसंगत नाही काय, असे कोलव्हिल यांनी विचारले. हिटलरचा पाडाव एवढेच आपले उद्दिष्ट असून त्यामुळे आपले काम सोपे झाले आहे, असे चर्चिल यांचे उत्तर होते. दुसऱ्याच दिवशी जर्मन फौजा रशियात घुसल्या आणि चर्चिल यांनी नभोवाणीवरून रशियाला साहाय्य जाहीर केले.

भारतीय वाचकाने मात्र याच रोजनिशीतील फेब्रुवारी १९४५ ची नोंदही वाचली पाहिजे. त्या वेळी चर्चिल यांनी हिंदूंविषयी अत्यंत तुच्छतेचे उद्गार काढले आणि त्यांच्या नाशासाठी बॉम्बफेकी विमाने पाठवावीत, असेही बोलून दाखवले. संतापातील बडबड म्हणून ते सोडून देता आले असते. पण १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात अंदाजे ३० लाख माणसे मेली होती आणि धान्यासाठी दिल्लीहून गेलेल्या मागण्या लंडनमध्ये वारंवार अडल्या वा कापल्या गेल्या होत्या. जहाजांची टंचाई खरी होती. पण तुटपुंज्या साधनांत कोणाचा जीव आधी मोजायचा, हे ठरवताना राज्यकर्त्याचे पूर्वग्रह बाजूला राहत नाहीत.

चर्चिल २४ जानेवारी १९६५ रोजी निवर्तले. कोलव्हिल यांनी १९८५ मध्ये रोजनिशी प्रसिद्ध केली. चर्चिल यांच्यावर त्यांची निस्सीम भक्ती होती, तरी ती नोंद त्यांनी गाळली नाही. हिटलरशी झुंजणारा नेता आणि भारताचा द्वेष्टा हे दोन्ही चर्चिल त्यामुळे आज एकाच साक्षीदाराच्या लेखणीतून भेटतात. सचिवाने याहून मोठी सेवा इतिहासाची कोणती करावी?