ओलिव्हेर हॉलॉशी

ओलिव्हेर हॉलॉशी (३१ जुलै, १९०९ – १० सप्टेंबर, १९४६) हे हंगेरीचे वॉटर पोलो खेळाडू आणि लांब पल्ल्याचे जलतरणपटू होते. बालपणी झालेल्या ट्राम अपघातानंतर त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. तरीही १९२८, १९३२ आणि १९३६ अशा सलग तीन ऑलिंपिक स्पर्धांमध्ये ते हंगेरीच्या राष्ट्रीय संघातून खेळले आणि त्यांनी एक रौप्य व दोन सुवर्णपदके मिळवली. अपंग खेळाडूंसाठी त्या काळी वेगळी आंतरराष्ट्रीय स्पर्धा अस्तित्वात नव्हती. हॉलॉशी यांची सर्व पदके धडधाकट प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध, सर्वांना लागू असलेल्या नियमांनुसार मिळवलेली आहेत.

प्रारंभिक जीवन

हॉलॉशी यांचा जन्म उयपेश्त येथे झाला. डॅन्यूब नदीकाठचे हे औद्योगिक गाव आज बुडापेस्ट शहराचा भाग आहे, परंतु १९५० पर्यंत ते स्वतंत्र नगर होते. त्यांचे मूळ आडनाव हाल्टमायर असे जर्मन वळणाचे होते. जर्मन आडनाव बदलून हंगेरियन आडनाव घेण्याची प्रथा त्या काळात हंगेरीत रूढ होती. हंगेरियन पद्धतीनुसार आडनाव आधी येत असल्याने मायदेशी त्यांचा उल्लेख हॉलॉशी ओलिव्हेर असा केला जातो.

ट्राम अपघातानंतर ते पाण्याकडे वळले व पुढे उयपेश्तच्या जांभळ्या-पांढऱ्या गणवेशाच्या यूटीई या क्लबकडून पोहू आणि खेळू लागले. जमिनीवर चालताना जो पाय अडचणीचा ठरे, त्याची उणीव पाण्यात काही अंशी भरून निघत असे. मात्र हे विधान पोहण्यापुरतेच खरे आहे. वॉटर पोलोत खेळाडूला तळाला पाय टेकवण्याची किंवा काठाचा आधार घेण्याची मुभा नसते. दोन्ही पाय सतत फिरवत शरीर तरंगते ठेवायचे, चेंडू फेकताना त्याच पायांच्या जोरावर छातीपर्यंत पाण्याबाहेर उसळायचे आणि अंगाशी भिडलेल्या प्रतिस्पर्ध्याला रेटायचे, असा हा खेळ आहे. प्रेक्षकाला हात दिसतात, पण खेळाचा खरा भार पायांवर असतो. हॉलॉशी यांच्या कामगिरीचे मोल या संदर्भातच कळते.

हंगेरीचा संघ

हॉलॉशी राष्ट्रीय संघात आले तेव्हा हंगेरी वॉटर पोलोतील उगवती शक्ती होती. पहिल्या महायुद्धानंतर त्रियानोंच्या तहाने या देशाचा सुमारे दोन तृतीयांश भूभाग गेला होता आणि १९२० च्या ऑलिंपिकचे निमंत्रणही त्याला मिळाले नव्हते. १९२४ मध्ये पॅरिस येथे हंगेरीने ग्रेट ब्रिटनला ७–६ असे हरवले. ब्रिटनने त्यापूर्वी चार वेळा ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलेले असल्याने हा निकाल खळबळजनक ठरला. १९२६ आणि १९२७ चे युरोपीय अजिंक्यपदही हंगेरीने मिळवले.

या उत्कर्षामागे प्रशिक्षक बेला कोम्यादी यांचा मोठा वाटा होता. चेंडू पाण्यावर टाकून मग उचलण्याऐवजी तो हवेतूनच एका हातातून दुसऱ्या हातात देण्याची पद्धत रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यामुळे खेळ वेगवान झाला आणि नुसत्या अंगबळापेक्षा अचूक फेक व जागेची जाण यांना महत्त्व आले. हॉलॉशींसारख्या खेळाडूला अशी शैली मानवली असणार, असे अनुमान करता येते. तथापि संघातील त्यांचे स्थान कोणाच्या सहानुभूतीवर अवलंबून होते असे मानण्यास जागा नाही, कारण तेवढ्यावर कोणी सलग तीन ऑलिंपिक खेळत नाही.

१९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये एकोणीस वर्षांचे हॉलॉशी हंगेरीकडून खेळले. अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्ध नियमित वेळेत २–२ अशी बरोबरी झाली. जादा वेळेत मात्र जर्मनीने तीन गोल करून सामना ५–२ असा जिंकला. हंगेरीला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले.

१५०० मीटरचे युरोपीय अजिंक्यपद

ऑगस्ट १९३१ मध्ये पॅरिस येथे झालेल्या युरोपीय जलतरण स्पर्धेत हॉलॉशी यांनी १५०० मीटर फ्रीस्टाईल शर्यत २० मिनिटे ४९ सेकंदांत जिंकली. त्याआधीच्या दोन्ही युरोपीय स्पर्धांमध्ये हे पद स्वीडनच्या आर्ने बोर्ग यांच्याकडे होते. याच स्पर्धेत हंगेरीच्या वॉटर पोलो संघानेही सुवर्णपदक मिळवले आणि हॉलॉशी त्या संघातही होते.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत पुढे जाण्याचा जोर प्रामुख्याने हातांतून येतो, हे खरे. परंतु पायांचे काम शरीर आडवे व सरळ ठेवण्याचे असते. एका बाजूचे पाऊल नसेल तर प्रत्येक हातवाऱ्याला शरीर किंचित वळू पाहते, आणि हा कल वीस मिनिटे सावरत राहावा लागतो. प्रत्येक वळणावर भिंतीला रेटा देण्यासाठीही त्यांना एकच पाऊल उपलब्ध होते. त्यांच्याविषयी अनेक आख्यायिका सांगितल्या जातात. ही एक नोंद मात्र आख्यायिकेच्या आधाराविनाही पुरेशी बोलकी आहे.

लॉस एंजेल्स, १९३२

जागतिक मंदीमुळे लॉस एंजेल्सच्या स्पर्धेला मोजकेच संघ पोहोचले. हंगेरीने जर्मनीला ६–२, जपानला १८–० आणि अमेरिकेला ७–० असे हरवून आपले पहिले वॉटर पोलो सुवर्णपदक पटकावले. ब्राझीलविरुद्धचा सामना झालाच नाही. जर्मनीकडून पराभूत झाल्यावर ब्राझीलचे खेळाडू पंचांच्या अंगावर धावून गेले आणि त्यांचा संघ स्पर्धेतून बाद करण्यात आला. ते पंच म्हणजे हंगेरीचे बेला कोम्यादीच होते. या यशानंतर वर्ष उलटण्यापूर्वीच, मार्च १९३३ मध्ये, कोम्यादी यांचे निधन झाले.

या संघात हॉलॉशींसोबत मार्तोन होमोन्नॉई, यानोश नेमेत, गोलरक्षक ड्योर्ज ब्रोदी तसेच ऑलॉयोश व फेरेन्त्स हे केशेरू बंधू होते.

बर्लिन, १९३६

१९३४ मध्ये माग्डेबुर्ग येथे युरोपीय अजिंक्यपद राखल्यानंतर हंगेरीपुढे बर्लिन ऑलिंपिकमध्ये यजमान जर्मनीचे आव्हान होते. अंतिम गटात दोन्ही संघांनी बेल्जियम व फ्रान्स यांना हरवले. आपसांतील सामना २–२ असा बरोबरीत सुटल्याने दोघांचे गुण समान झाले, आणि निर्णय गोलांच्या सरासरीवर गेला. हंगेरीने १० गोल करून केवळ २ स्वीकारले होते. जर्मनीचे हेच आकडे १४ व ४ असे होते. केलेल्या गोलांना स्वीकारलेल्या गोलांनी भागण्याच्या तत्कालीन पद्धतीनुसार हंगेरीची सरासरी ५, तर जर्मनीची ३.५ भरली आणि सुवर्णपदक हंगेरीला मिळाले. पुढे प्रचलित झालेल्या गोलफरकाच्या पद्धतीने हिशेब केला असता, तर ८ विरुद्ध १० अशा फरकाने जर्मनी पुढे राहिली असती. हंगेरीचे हे सुवर्णपदक बचावाचे होते, असे म्हणणे त्यामुळे वावगे ठरणार नाही.

१९३८ मध्ये लंडन येथे हॉलॉशी यांनी वॉटर पोलोतील आपले तिसरे युरोपीय सुवर्णपदक मिळवले. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ चे ऑलिंपिक झाले नाही.

मृत्यू

युद्धाच्या अखेरीस हंगेरी सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात गेली. महागाईने चलन मातीमोल झाले होते व ऑगस्ट १९४६ मध्ये फोरिंट हे नवे चलन आणावे लागले. लुटालूट आणि असुरक्षितता नित्याची झाली होती. १० सप्टेंबर, १९४६ रोजी बुडापेस्टमध्ये आपल्या घराजवळ हॉलॉशी यांना लुटण्यात आले आणि त्यात एका सोव्हिएत सैनिकाच्या हातून त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी त्यांचे वय ३७ वर्षे होते.

गौरव

१९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय जलतरण कीर्तिमंदिरात हॉलॉशी यांचा समावेश करण्यात आला. उयपेश्तमधील जलतरण तलावाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारे ते पहिले अपंग खेळाडू नव्हते. लाकडी पाय असलेले अमेरिकेचे जिम्नॅस्ट जॉर्ज आयसर यांनी १९०४ मध्येच तीन सुवर्णपदके जिंकली होती. मात्र प्रतिस्पर्ध्याशी प्रत्यक्ष अंगलट करावी लागणाऱ्या सांघिक खेळात असे यश मिळवणाऱ्यांत हॉलॉशी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, जुलै १९४८ मध्ये, इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे जायबंदी सैनिकांच्या स्पर्धा भरल्या. त्यांतूनच पुढे पॅरालिंपिक चळवळ उभी राहिली. त्याच उन्हाळ्यात लंडन ऑलिंपिकमध्ये उजव्या हाताला गंभीर इजा झालेले हंगेरीचे नेमबाज कारोय टाकाच यांनी डाव्या हाताने सुवर्णपदक जिंकले, तर हंगेरीच्या वॉटर पोलो संघाला इटलीच्या मागे राहून रौप्यपदक मिळाले. १९२८ पासून १९८० पर्यंत झालेल्या प्रत्येक ऑलिंपिकमध्ये या संघाने पदक मिळवले. त्यांपैकी पहिल्या तिन्ही वेळी हॉलॉशी संघात होते.